बहात्तर गुणांत न मावणारा थकवा

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या माणसाने ‘हल्ली फार थकवा येतो’ असे सांगितले, की ऐकणारा लोकलच्या गर्दीकडे बोट दाखवतो आणि विषय तिथेच संपतो. सोरायसिस झालेल्या माणसाची हीच तक्रार अशीच विरून जाते. पण दोष एकट्या लोकलचा नाही. हा रोग मोजण्याची जी पट्टी जगभर वापरतात, तिच्यात थकव्याला रकानाच नाही.

‘पासी’ नावाची ही पट्टी फ्रेडरिक्सन आणि पेटरसन यांनी १९७८ मध्ये एका नव्या औषधाचा परिणाम तपासण्यासाठी तयार केली. तिचे गणित नववीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. डोके, हात, धड आणि पाय असे शरीराचे चार भाग. त्यांना अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ असा भार. प्रत्येक भागातील चट्ट्यांचा लालपणा, जाडी आणि पापुद्रे यांना प्रत्येकी ० ते ४ गुण, आणि त्या भागाचा किती हिस्सा व्यापला आहे याला ० ते ६ गुण. पहिल्या तीन गुणांची बेरीज घ्यायची, तिला व्याप्तीच्या गुणाने व भाराने गुणायचे आणि चारही भागांची उत्तरे मिळवायची. कमाल गुण ७२.

आता एक उदाहरण सोडवून पाहा. एका शिक्षिकेचे दोन्ही तळवे जाड झाले आहेत, भेगाळले आहेत. खडू धरवत नाही. लालपणा, जाडी, पापुद्रे यांना ३-३ गुण दिले तर बेरीज ९. तळवे म्हणजे हातांचा जेमतेम दहावा हिस्सा, म्हणून व्याप्तीला उदार मनाने २ गुण देऊ. ९ × २ × ०.२ = ३.६. बहात्तरपैकी साडेतीन गुणांचा हा रोग कागदावर सौम्य ठरतो! शिवाय लालपणा ही खूण गोऱ्या कातडीवर उठून दिसते. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि गुण देणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकतो.

पट्टी टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. औषधाने चट्टे किती हटले हे ती बरे सांगते. तक्रार एवढीच, की ती कातडी मोजते आणि आपण तिला रोगाचे माप समजतो. रुग्णाचे जगणे मोजण्यासाठी कार्डिफ येथील डॉ. फिनले यांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची ‘डीएलक्यूआय’ ही प्रश्नावली दिली. तिची मराठी आवृत्तीही आहे. तिच्यात खाज, संकोच, कपडे, काम, नातेसंबंध सारे आहे. थकव्याविषयी एकही प्रश्न नाही.

नॉर्वेतील संशोधकांनी २०१७ मध्ये सोरायसिसचे ८४ रुग्ण आणि तेवढीच निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. सुमारे निम्म्या रुग्णांना लक्षणीय थकवा होता. निरोगी गटात तो क्वचितच आढळला. या थकव्याचा संबंध वेदना, नैराश्य आणि धूम्रपान यांच्याशी दिसला, रोगाच्या तीव्रतेशी दिसला नाही. म्हणजे ज्याचे चट्टे थोडे, तो कमी थकलेला असेलच असे नाही.

असे का व्हावे? सोरायसिसमध्ये प्रतिकारसंस्था विनाकारण चेतलेली राहते. एरवी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळायला महिनाभर घेते. इथे तोच प्रवास काही दिवसांत उरकतो. दाहाचे निरोप नेणारी टीएनएफ, इंटरल्युकिन यांसारखी प्रथिने रक्तातही असतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. फ्लूमध्ये आपण अंथरूण धरतो ते अशाच प्रथिनांमुळे. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की आजारी प्राण्याचे निपचित पडणे हा दुबळेपणा नसून शक्ती वाचवण्याची युक्ती आहे. फ्लूत ही युक्ती आठवड्यात संपते. सोरायसिसमध्ये निरोप वर्षानुवर्षे येतच राहतात.

टीएनएफला अडवणाऱ्या एटानरसेप्ट या औषधाची ६१८ रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. तिथे थकवा मुद्दाम वेगळा मोजला होता आणि तो कमी झाला. मात्र ही घट सांध्यांचे दुखणे कमी होण्याशी जुळत होती. तेव्हा थकव्याचे सारे खापर एका प्रथिनावर फोडणे घाईचे होईल.

उपनगरांत हा प्रश्न तपासायचा तर तुलना कोणाशी करायची? घरी बसलेल्या निरोगी माणसाशी केली तर लोकलचा शीण आणि रोगाचा थकवा यांची सरमिसळ होईल. घाटकोपरहून तीच गाडी पकडणारा, त्याच वयाचा, सोरायसिस नसलेला सहप्रवासी घ्यायला हवा. नियंत्रित गट म्हणजे काय हे वर्गात सांगायला याहून जवळचे उदाहरण नाही.

रुग्णाने, आणि हा रोग असलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांनी, डॉक्टरांना थकव्याविषयी आपण होऊन सांगावे. रक्तक्षय, थायरॉइड, खाजेमुळे मोडलेली झोप, खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या ही कारणे आधी पाहावी लागतात. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात आणि दुसऱ्या दिवशी अनेकांना गळून गेल्यासारखे होते. म्हणून वहीत थकव्याच्या दिवसाशेजारी गोळीचा वारही लिहून ठेवावा.