अण्णांचा वाडा आणि नाबोथाचा द्राक्षमळा

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि तो पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चे बीज तेथे रुजले. परक्या चित्रातून एका प्रेक्षकाला आपले काही दिसले. कोणत्याही चित्रकथेची ही कसोटी मानायला हरकत नाही: ती पाहून झाल्यावर आपल्याला काय दिसू लागते?

सावंतवाडीला एका धर्मगुरू मित्राकडे गेलो असता हा प्रश्न मला पुन्हा आठवला. तेथून जवळच आकेरी हे गाव आहे. श्रीदेव रामेश्वराचे जुने देऊळ ही त्या गावाची पूर्वापार ओळख. परंतु २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली आणि तिच्या चित्रीकरणासाठी घेतलेला येथील कौलारू वाडा घरोघरी 'अण्णा नाईकांचा वाडा' म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१९ व २०२१ मध्ये तिचे पुढील भाग आले.

या मालिकेचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. राजू सावंत यांच्या दिग्दर्शनाने खळे, माजघर, विहीर, माडांची सावली यांना पात्रांइतकेच महत्त्व दिले. मालवणी बोली एरवी विनोदापुरती वापरली जाते. येथे ती रडली, भांडली, शाप देऊ लागली. लेखक प्रल्हाद कुडतरकर यांनी स्वतः रंगविलेला विसराळू पांडू आणि शकुंतला नरे यांची सोशिक माई ही माणसे विसरता येत नाहीत.

मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून विरोध झाला. तिने कोकणची बदनामी होते व अंधश्रद्धा पसरते, असा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता. मात्र माझा आक्षेप भुतांविषयी नाही. तो जिवंत माणसांविषयी आहे. दुसऱ्या भागात कथा मागे गेली आणि अण्णांचे उमेदीचे दिवस दिसले. माधव अभ्यंकर यांचे अण्णा लोकांच्या जमिनी गिळतात, परस्त्रीवर नजर ठेवतात, प्रसंगी जीवही घेतात. पहिल्या भागात वाड्यावर जी अवकळा आलेली दिसते, तिचे मूळ या पापांत आहे. भूत म्हणजे न फेडलेला अन्याय, हे सत्य लेखकाच्या हाती आले होते. परंतु अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता ही जोडी लोकांना इतकी आवडली की तिच्या नखऱ्यांपुढे तो अन्याय फिका पडला.

मी गेलो त्या दिवशी वाड्यापुढे एक कुटुंब छायाचित्रे काढीत होते. दहाएक वर्षांचा मुलगा अण्णांसारखा हात मागे बांधून, डोळे वटारून उभा होता आणि आई-वडील कौतुकाने हसत होते. मलाही हसू आले. आणि मग त्या हसण्याची लाज वाटली.

आपल्या पवित्र शास्त्रातही जमीन बळकावण्याची एक कथा आहे. नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा विकण्यास नकार दिला. अहाब राजा रुसून तोंड फिरवून पडला, जेवेना. ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथावर धोंडमार झाली. राजाचे हे रुसणे किती जिवंत रंगविले आहे! दुष्टाला हाडामांसाचा करणे हा म्हणूनच लेखकाचा दोष नव्हे. परंतु राजा तो मळा ताब्यात घेण्यास उतरतो तेव्हा एलीया संदेष्टा नेमका तेथेच त्याला गाठतो, आणि मेलेल्या नाबोथाचे नाव पुन्हा उच्चारले जाते. ऐकणाऱ्याला राजाच्या बाजूने हसण्याची सोय उरत नाही. मालिकेत अण्णांना सर्वजण ओळखतात. त्यांनी नागवलेल्यांची नावे मात्र मी कितीही आठवली तरी मोजकीच हाती लागतात. येथे मालिका उणी पडते, आणि आपण प्रेक्षकही.

नाशिक जिल्ह्यातील वाचकांना द्राक्षमळा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बांधाच्या वादातून दोन भावांचे बोलणे तुटलेली घरे मी धर्मग्रामाच्या भेटींत पाहिली आहेत. अशा घरांत रात्री पैंजणे वाजत नाहीत. फक्त एक ताट कमी वाढले जाते. तुम्ही आकेरीला जाल तर वाडा अवश्य पाहा, मुलांना अंगणात खेळू द्या. परतताना मात्र त्यांना एवढे विचारा, की या कथेत जमीन कोणाची गेली? मुलांना नाव सांगता आले नाही, तर घरी येऊन राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय त्यांच्यासह वाचा.