घरच्या शाळेचे गुण नक्की कोणाचे?

मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचे, ही कल्पना अमेरिकेत रुजवण्यात जॉन होल्ट यांचा मोठा वाटा आहे. होल्ट स्वतः शिक्षक. सहकाऱ्याच्या वर्गात बसून त्यांनी मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६४ साली ‘हाउ चिल्ड्रन फेल’ हे पुस्तक लिहिले. मुले उत्तर शोधत नाहीत, ते शिक्षकांच्या चेहऱ्यावर वाचतात. चुकण्याच्या भीतीने विचार करणेच थांबवतात, असे त्यांना दिसले. पुढे शाळा सुधारण्याची आशा त्यांनी सोडली आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक सुरू केले.

पण सगळेच पालक होल्ट यांच्या कारणासाठी हा मार्ग धरत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने २०१२ साली पालकांना कारणे विचारली. एकापेक्षा जास्त कारणे सांगायची मुभा होती. सुरक्षितता, अमली पदार्थ, सोबत्यांचा दबाव अशी शाळेतल्या वातावरणाची काळजी ९१ टक्के मुलांच्या पालकांनी महत्त्वाची मानली. नैतिक शिक्षण ७७ टक्क्यांनी, धार्मिक शिक्षण ६४ टक्क्यांनी. आणि शाळेतल्या अध्यापनाबद्दल असमाधान ७४ टक्क्यांनी.

ही झाली कारणे. त्यांच्या जोडीला एक दावा नेहमी केला जातो : घरी शिकणारी मुले शाळेतल्या मुलांपेक्षा हुशार निघतात. यासाठी लॉरेन्स रुडनर यांच्या १९९९ मधील अभ्यासाचा वारंवार दाखला दिला जातो. त्यात ११,९३० कुटुंबांतील २०,७६० मुलांचे चाचणीतले गुण होते. देशातील शंभर मुले गुणांनुसार ओळीने उभी केली, तर घरी शिकणारे सर्वसाधारण मूल ७० ते ८० जणांच्या पुढे उभे राहील, असा निष्कर्ष निघाला.

नमुना मोठा आहे, मग शंका कशाला? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना पहिला प्रश्न पडतो तो नमुना किती मोठा हा नव्हे, तो आला कुठून हा. ही सर्व कुटुंबे एका कर्मठ ख्रिस्ती विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेकडून चाचणी घेणारी होती. त्यांतली बहुतेक गोरी. सुमारे तीन चतुर्थांश घरांत आई नोकरी करत नव्हती. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या घरांत आईवडिलांपैकी एक तरी प्रशिक्षित शिक्षक होता. अशा घरातली मुले शाळेत गेली असती, तर मागे पडली असती का? हा अभ्यास ते सांगू शकत नाही, कारण तशाच घरांतून शाळेत जाणारी मुले तुलनेला घेतलेलीच नाहीत.

बागायती काळ्या जमिनीत नवे खत घालायचे, पीक जिल्ह्याच्या कोरडवाहू सरासरीशी ताडून पाहायचे आणि वाढीचे श्रेय खताला द्यायचे, तसे हे झाले. रुडनर यांनी स्वतःच बजावले होते की, यावरून घरचे शिक्षण शाळेपेक्षा सरस ठरत नाही. आकडा गावोगाव गेला. इशारा मात्र मागे राहिला. अर्थात, याच आकड्यांवरून घरचे शिक्षण निकृष्ट आहे असेही म्हणता येणार नाही.

मग पालकांची कारणे खोटी का? मुळीच नाही. शाळेत भेदरलेल्या मुलाच्या आईला आपला निर्णय गुणांच्या आकड्यांनी सिद्ध करावा लागू नये. तिची तक्रार तिच्या जागी खरीच आहे. पण पहाटेच मजुरीला बाहेर पडणाऱ्या आईचे मूल घरी कोणापाशी शिकणार? त्याला शाळेशिवाय दुसरी जागा नाही. म्हणून या तक्रारीचे उत्तर आम्हाला वाटते ते शाळेतच शोधायला हवे.

होल्ट यांचे निरीक्षण वर्गातलेच आहे, तेव्हा ते तपासूनही वर्गातच पाहता येईल. उद्या एखाद्या मुलाने उत्तर दिले की ते बरोबर की चूक हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. ‘हे कसे काढलेस?’ एवढेच विचारा. बरोबर उत्तर देणारी किती मुले लगेच आपले उत्तर बदलतात ते मोजा. आलेला आकडा तुमच्या वर्गाचा असेल, आणि तो कुठून आला हे तुम्हाला पक्के ठाऊक असेल.