चौकटीतले ठिपके आणि गाता येणारं पान

मंडळी, आजचा विषय फलकावर लागल्यापासून दोघातिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं जॅझ गिटारच्या पुस्तकांवर काय बोलायचं? माझं उत्तर असं, की कौशल्य पुस्तकातून शिकता येतं का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आणि तो आपल्या गावचाही आहे. नांदेड-लातुरात गिटार घेऊन फिरणारी पोरं आता कमी नाहीत. हिंदी गाण्याचे चार कॉर्ड शिकवणारे क्लास गल्लोगल्ली निघाले. पण एखाद्याला जॅझची ओढ लागली, तर त्याला शिकवणारा माणूस इथं शोधून सापडणं कठीण. मग तो पुस्तक मागवतो. मुंबईतल्या मुलाला पुस्तक वाईट निघालं तर दुसरी वाट आहे; इथल्या मुलाला पुस्तक हाच गुरू. म्हणून त्या पुस्तकांची परीक्षा जरा कडक करायला हवी.

आधी पुस्तक कसं असतं ते बघू. गिटारला सहा तारा. कागदावर सहा उभ्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे फ्रेट, आणि बोट कुठं ठेवायचं तिथं काळा ठिपका. ही कॉर्डची चौकट. मिकी बेकर नावाच्या न्यूयॉर्कच्या वादकाचं १९५५ सालचं पुस्तक या प्रकारात फार गाजलं, अजूनही विकलं जातं. बेकर स्वतः तालेवार स्टुडिओवादक. त्याची पद्धत हुकमी: सुरुवातीलाच चौकटींचा एक संच देतो, म्हणतो पाठ करा, साध्या कॉर्डच्या जागी या टाका. का, ते नंतर कधीतरी. पुढं १९७१ मध्ये टेड ग्रीनचं 'कॉर्ड केमिस्ट्री' आलं. त्यात चौकटींची इतकी रेलचेल, की पानं उलटताना रेल्वेचं वेळापत्रक वाचतोय असं वाटावं. ग्रीन विद्वान माणूस होता, त्याच्या कानाबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. प्रश्न त्याच्या कानाचा नाही, वाचणाऱ्याच्या कानाचा आहे.

आता गिटारची एक गंमत सांगतो. हार्मोनियमवर पट्टी बदलली की बोटांची ठेवण बदलते, काळी-पांढरी उलटसुलट होते, डोकं चालवावं लागतं. गिटारवर काही नाही. तीच पकड दोन फ्रेट वर सरकवा, दुसऱ्या सुराची तीच कॉर्ड तयार. एक आकार, बारा नावं. सोय मोठी आहे, पण या सोयीमुळंच आत कोणते सूर वाजतायत हे न कळता माणूस वर्षानुवर्षं वाजवू शकतो. पुस्तक डोळ्याला ठिपके दाखवतं, डोळा ते बोटाला सांगतो, आणि कान बिचारा दाराबाहेर बसलेला.

आपल्याकडं याला ओळखीचा शब्द आहे: गाईड. लातूर पॅटर्नची मी चेष्टा करणार नाही. त्या पॅटर्ननं खेड्यापाड्यातली मुलं डॉक्टर झाली, आणि ज्यांनी ती मेहनत पाहिली नाही त्यांनी हसू नये. पण प्रश्न आधीच ठरलेले असतील तिथं तो पॅटर्न चालतो. जॅझमध्ये पेपर समोरचा वादक त्याच क्षणी काढत असतो. अपेक्षित प्रश्नसंच तिथं कितीसा पुरणार?

पुस्तक काय सांगायचं राहून जातं, ते एका उदाहरणानं दाखवतो. जॅझमध्ये जागोजागी भेटणारा कॉर्डचा एक क्रम आहे: डी मायनर सेवन, जी सेवन, सी मेजर सेवन. पुस्तकात तीन चौकटी, तीन नावं, पाठ करा. आता आपण 'सी'ला षड्ज धरू. पहिली कॉर्ड म्हणजे रे म ध सा. दुसरी प नी रे म. तिसरी सा ग प नी. सगळे शुद्ध सूर, बिलावलच्या घरातले. यात प्रत्येक कॉर्डचा स्वभाव ठरवणारे दोनच सूर वेचा. पहिलीत म आणि सा. दुसरीत म जागचा हलत नाही, सा अर्धा सूर उतरून नीवर येतो. तिसरीत आता नी जागचा हलत नाही आणि म अर्धा सूर उतरून गंधारावर येतो. दर वेळी एक थांबतो, दुसरा पायरी उतरतो. एवढंच! या संगीतात 'घरी आल्या'ची जी भावना होते तिचा मोठा भाग या दोन पावलांत आहे.

गिटारवर हे बारीक तारेकडून मोजलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर बसतं. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर पाचवा: म आणि सा. मग तिसऱ्या तारेवरचं बोट चौथ्या फ्रेटवर: म आणि नी. मग चौथ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवर: ग आणि नी. दोन बोटं, दोन हालचाली. हे गाऊन बघा, एकानं म–म–ग म्हणायचं, दुसऱ्यानं सा–नी–नी. आठवड्याभरात कान तयार होतो.

आणि मग पुस्तकातलं मोठं कोडं आपोआप सुटतं. जी सेवनच्या जागी डी फ्लॅट सेवन वाजवा, असं पुस्तक सांगतं. विद्यार्थी म्हणतो, हे कुठलं आलं? नावात काहीच नातं दिसत नाही. पण सूर मोजा: कोमल रे, म, कोमल ध, नी. तेच म आणि नी! दोन्ही कॉर्डचा गाभा एक, फक्त तळाचा सूर बदलला. आता पाचव्या तारेवर तळाचा सूर रे, कोमल रे, सा असा पाचव्या फ्रेटवरून चौथ्या आणि तिसऱ्यावर घसरत येतो. ज्यानं मधले दोन सूर गायलेत त्याला हे नवं शिकावंच लागत नाही. ज्यानं चौकट पाठ केली त्याला ही आणखी एक चौकट.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी गुरूशिवाय विद्या नाही. मला हे मान्य नाही. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. त्याचा आधार घेऊन लोक लगेच पुस्तकं बाद करतात. पण करता येणं हे ज्ञान सूत्राहून वेगळं आहे, एवढ्यावरून कागद निरुपयोगी ठरत नाही. वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं, हे कौतुकानं सांगितलं जातं. पण तो चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून त्यातलं सुरासूर बसवत होता, म्हणजे त्याच्याकडंही पुस्तक होतंच, फक्त ते वाजणारं होतं.

महाराष्ट्रात हा वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काढून बंदिशी स्वरलिपीत छापल्या. उस्तादांच्या घरातलं धन बाजारात आलं. तेव्हाही ओरड झाली, की मींड कागदावर येत नाही, आंदोलन येत नाही. ओरड खरीच होती. पण एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटली असं मला वाटतं. भातखंड्यांचं पान गाता येतं. सा रे ग म हे अक्षरच मुळी तोंडात बसणारं आहे. वाचायचं तर म्हणावं लागतं, आणि म्हटलं की कान कामाला लागतो. गिटारची चौकट कुणी गाऊन दाखवावी.

गोव्याचा पुरावा याहून ठसठशीत आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. रीत अशी, की आधी सोल्फेज, म्हणजे सूर नावानं गायचा, व्हायोलिन मागून. हीच मुलं मुंबईला आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन आला, मग टेडी वेदरफोर्ड आला, आणि त्या काळात गोव्याचे वादक जॅझमध्ये मुरले. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनिओ झेवियर वाझ, याचा ट्रम्पेट गाजला. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र हे गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडं शिकलेले, आणि त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'ला या चिकची साथ होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा हे सगळे कागदावर वाढलेले. ज्यांचं शिक्षण नोटेशनवर झालं त्यांनीच हिंदी सिनेमात कॉर्ड आणल्या. कागदानं त्यांचा कान मेला नाही, कारण तो कागद आधी तोंडातून गेला होता.

दुसरंही एक कारण आहे, आणि नांदेडच्या मुलाला ते जास्त लागू पडतं. गोव्याच्या पोराच्या कानात चर्चमधलं चार आवाजांचं गाणं लहानपणापासून भरलेलं होतं. मिकी बेकरचा १९५५ चा वाचक रेडिओवर रोज तीच गाणी ऐकत होता ज्यांच्या कॉर्ड बेकर बदलायला सांगतोय. भरल्या कानासाठी लिहिलेली ही पुस्तकं. आपल्या मुलाच्या कानात काय आहे? अभंग आहे, लावणी आहे, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन आहे, कव्वाली आहे. दौलत कमी नाही, पण त्यात एकापाठोपाठ सरकणाऱ्या कॉर्डची सवय नाही. तेव्हा पुस्तक ज्या गाण्याच्या आधारानं बोलतं ते गाणंच गैरहजर, आणि उरतो नुसता ठिपका. पुस्तककाराला दोष देता येत नाही. त्यानं नांदेडसाठी लिहिलंच नव्हतं. पण आपण ते जसंच्या तसं घोकायला देतो, हा दोष आपला.

तेव्हा मुलांना माझं सांगणं असं, की पुस्तक फेकू नका, उलटं वाचा. एक धडा घ्या, त्यातली गाणी आधी शोधून पन्नास वेळा ऐका, मोबाईल आहे ना हातात. मग वर सांगितलेले दोन-दोन सूर शोधा, सरगमात लिहा, गा. चौकट सगळ्यात शेवटी. सहा तारांच्या भरगच्च पकडीची घाई नको. फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत काउंट बेसीच्या बँडमध्ये होता, फारच थोडे सूर वाजवायचा, आणि सगळा बँड त्याच्या हातावर चालायचा. त्याच्या उजव्या हातातली ती लय मात्र कुठल्याही चौकटीत ठिपक्यानं दाखवता येत नाही. त्यासाठी तबकडी लावून सोबत टाळी द्यायची, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपल्या हाताला समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळं पहिले चार दिवस हात ऐकत नाही.