घरातले टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणांस कवी व धर्मोपदेशक म्हणून परिचित आहेत. पती म्हणून ते कसे होते, हे सांगितले ते लक्ष्मीबाईंनी. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते; त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्यांतूनच पुढे १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. मुलाने वडील मागितले. आईने सबंध संसार दिला.

या संसारातले टिळक शीघ्रकोपी आहेत, उदार आहेत आणि घरात मीठमिरची आहे की नाही याचे त्यांना भान नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीच्या संमतीवाचून. लहान दत्तूसह लक्ष्मीबाईंनी काढलेली ताटातुटीची वर्षे हा या ग्रंथातील सर्वांत व्याकूळ भाग होय. तरीही त्या ना आरोपपत्र लिहितात, ना आरती. त्यांचा विनोद पतीचे दोष झाकीत नाही आणि पतीला हिणवीतही नाही.

दिवंगत पतीविषयी लिहिताना दोष गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. मग मुलांच्या हाती बाप लागत नाही, भिंतीवरची तसबीर लागते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेणाऱ्या लक्ष्मीबाईंची निष्ठा कोण नाकारील? पण निष्ठा म्हणजे मौन नव्हे, हे त्यांनी लिहून दाखविले. वयात येणाऱ्या मुलग्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. उद्या त्यांनाही कोणाचे तरी पती व्हावयाचे आहे.