‘जर’ गाळलेली कथा : कल्पित इतिहासाच्या विमान-प्रतिकृती

विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्याचा छंद हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी उपस्थित होणे स्वाभाविक आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग, चिकटद्रव, रंग आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे एवढीच या कृतीची सामग्री. तिचे मूल्यमापनही एरवी एकाच निकषावर होते : पंखाची लांबी १ : ७२ या प्रमाणात बरोबर उतरली आहे काय, रंगाची छटा नोंदींशी जुळते काय. म्हणजे ही अनुकृतीची कला आहे आणि तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा इतिहास करतो. परंतु याच छंदाच्या पोटात ‘व्हॉट इफ’ या नावाने ओळखला जाणारा एक उपप्रकार रुजला आहे आणि तो या न्यायासनालाच बगल देतो. जी विमाने सेवेत कधी दाखल झालीच नाहीत, ती त्यात दाखल झालेली दिसतात. ज्या देशाने एखादे विमान कधी घेतले नाही, त्या देशाची चिन्हे त्या विमानावर येतात. शिवाय अशा प्रतिकृतीला बहुधा एक छोटी कथा जोडलेली असते. ही कथा आली की समीक्षेचा अधिकार सुरू होतो.

या कथेचे पहिले लक्षण व्याकरणातच सापडते. मराठी व्याकरणाने क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. ‘ते विमान रद्द झाले नसते, तर सेवेत आले असते’ हे वाक्य संकेतार्थी आहे. त्यातील ‘जर’ उघड असो वा गृहीत, बोलणारा न घडलेल्याविषयी बोलतो आहे हे क्रियापदच सांगते. प्रतिकृतीसोबतची कथा मात्र स्वार्थात लिहिलेली असते. ‘आले असते’ याच्या जागी ‘आले’ येते, पाठोपाठ तारीख, पथकाचा क्रमांक आणि तळाचे नाव येते, आणि निवेदनाला पलटणीच्या दप्तराचा कोरडा, अलिप्त सूर लाभतो. आशय संकेतार्थी आणि रूप स्वार्थी, या विसंगतीतून या प्रकाराचे सारे सौंदर्य निर्माण होते. आणि त्याचा दोषही तेथेच दडलेला आहे. मम्मटाने ‘यदि’च्या अर्थाने केलेल्या कल्पनेला अतिशयोक्तीच्या प्रकारांत स्थान दिले, तेव्हा त्याच्यासमोर ‘यदि’ स्पष्ट उच्चारणारी उक्ती होती. येथे अलंकार शिल्लक राहतो आणि त्याचे वाचक पद तेवढे लुप्त होते.

ब्रिटनच्या टीएसआर-२ या विमानाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे पहिले उड्डाण २७ सप्टेंबर १९६४ रोजी झाले आणि ६ एप्रिल १९६५ रोजी अर्थसंकल्पीय भाषणातच ते रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. तयार झालेल्यांपैकी एकच विमान, एक्सआर २१९, प्रत्यक्ष उडाले. तेही अवघी चोवीस वेळा. पुढे ते शूबरीनेसच्या चाचणी-क्षेत्रावर तोफांचे लक्ष्य म्हणून संपले. दुसरे विमान रद्दीकरणाच्या दिवशीच उडायचे होते. इतक्या अपुऱ्या चरित्राला कल्पित उत्तरार्ध जोडण्याचा मोह व्हावा, यात नवल नाही. एअरफिक्सने २००६ साली या विमानाचा १ : ७२ प्रमाणातला संच काढला, तेव्हा त्या मोहाला सामग्रीही सहज उपलब्ध झाली.

मूळ विमान पूर्णपणे पांढरे होते. तो रंग शोभेचा नव्हता. अणुस्फोटाचा प्रखर झोत परावर्तित करण्यासाठी त्या काळच्या ब्रिटिश अण्वस्त्रवाहू विमानांना तो दिला जाई. त्याच सुमारास ही विमाने उंचीवरून जाण्याऐवजी जमिनीलगत उडू लागली आणि त्यांचे पांढरे पृष्ठभाग हिरव्या-करड्या रंगांखाली झाकले गेले. तेव्हा एखादा रचनाकार टीएसआर-२ ला हिरवा-करडा रंग देतो, त्या क्षणी एक शब्दही न लिहिता त्याने दहा वर्षांची सेवा कथन केलेली असते. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश विमानांना दिलेला वाळवंटी गुलाबी रंग त्यावर चढला की कथा आणखी पंधरा-वीस वर्षे पुढे सरकते. इंजिनाच्या निष्कासमुखाभोवतीची काजळी आणि पंखाच्या मुळाशी पावलांनी झिजलेला रंग ही तर कालवाचक क्रियाविशेषणेच होत. फ्लोबेरच्या कथेतील भिंतीवरचा वायुभारमापक काहीच सुचवीत नाही, केवळ ‘हे वास्तव आहे’ एवढेच म्हणतो, असे रोलां बार्थने १९६८ च्या निबंधात दाखवले होते. प्रतिकृतीवरच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सूचनाक्षरांचे कार्य तेच. फरक एवढाच की ती जे वास्तव असल्याची ग्वाही देतात ते कधी घडलेलेच नसते.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ च्या ‘ला पाँसे सोव्हाज’ या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी जे विवेचन केले, ते येथे अधिक उपयोगी पडते. आकार लहान झाल्यामुळे अंशांच्या आधी पूर्णाचे आकलन होते, हा त्याचा सुपरिचित सिद्धांत. त्याच विवेचनात तो असेही सुचवतो की हाताने घडवलेल्या वस्तूत प्रत्येक ठिकाणी एक पर्याय निवडलेला असतो आणि प्रेक्षकाला न निवडलेल्या पर्यायांचीही अंधुक जाणीव होत राहते. ‘व्हॉट इफ’ प्रतिकृती ही अंधुक जाणीवच पृष्ठभागावर आणते. एका संचाचे पंख आणि दुसऱ्या संचाची शेपटी जुळवून तिसरेच विमान उभे करणारा रचनाकार तर लेव्ही-स्ट्रॉसच्या ‘ब्रिकोलर’चे, हाती लागेल त्यातून काम भागवणाऱ्या कारागिराचे, अगदी शब्दशः उदाहरण ठरतो.

येथवर या प्रकाराची बाजू भक्कम आहे. अडचण कथेच्या कारणमीमांसेत येते. टीएसआर-२ वाचवणाऱ्या कथांचा एक ठरलेला साचा आहे : निवडणुकीचा निकाल वेगळा लागतो किंवा एखाद्या मंत्र्याला सुबुद्धी होते, आणि विमान तरते. ऑस्ट्रेलियाने १९६३ मध्येच अमेरिकन एफ-१११ ला दिलेली पसंती, वाढत गेलेला खर्च, पौंडावरचे संकट, सुएझच्या पूर्वेकडील लष्करी पसारा आवरण्याचा १९६८ चा निर्णय, यांपैकी काहीही या मंत्र्याच्या सुबुद्धीने बदलत नाही. मारी-लॉर रायनने मांडलेल्या ‘किमान विचलना’च्या तत्त्वानुसार वाचक कल्पित विश्व आपल्या विश्वासारखेच मानतो आणि संहितेने सांगितलेले तेवढे बदल त्यात करतो. हे तत्त्व येथे रचनाकाराच्या पथ्यावर पडते. एक विमान वाढले, बाकी जग होते तसेच. मात्र त्या विमानाचे पैसे कोठून आले आणि त्यापायी कोणते दुसरे विमान जन्मालाच आले नाही, हे प्रश्न किमान विचलनाच्या आड लपतात. आखाती युद्धातील गुलाबी टीएसआर-२ शेजारी गुलाबी टॉर्नेडोही उभे करणारी मांडणी म्हणूनच कथा म्हणून कच्ची आहे; तिने परिणाम घेतला आणि किंमत नाकारली.

टीएसआर-२ च्या बाबतीत हा दोष अर्थशास्त्राचा आहे, म्हणून तो क्षम्य मानता येईल. ‘लुफ्टवाफे ४६’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या परंपरेत तो नैतिक होतो. दुसरे महायुद्ध १९४६ पर्यंत लांबले अशी कल्पना करून, कागदावर किंवा नमुना-अवस्थेत राहिलेली जर्मन विमाने तेथे पथकांच्या चिन्हांसह उभी केली जातात. फोके-वुल्फचे टीए १८३ कधी बांधलेच गेले नाही. हॉर्टेन बंधूंच्या शेपटीविरहित विमानाचा जेट-इंजिनाचा नमुना फेब्रुवारी १९४५ मध्ये मोजक्या उड्डाणांनंतर कोसळला. त्यांचे आकार मोहक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु युद्ध लांबवणे म्हणजे नेमके काय लांबवणे? बेर्गेन-बेल्सेनची छावणी १५ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाली, डाखाउ २९ एप्रिलला, माउटहाउझेन आणि तिची उपछावणी गुझेन ५ मे रोजी. कथेतील पहिल्या वाक्याबरोबर या साऱ्या तारखा पुढे ढकलल्या जातात. अमेरिकेचा अणुबाँब जुलै १९४५ मध्ये चाचणीस सिद्ध झाला होता, हेही त्या कथेला आठवत नाही.

येथे आणखी एक धागा आहे. गुझेनच्या कैद्यांकडून ‘बेर्गक्रिस्टाल’ या सांकेतिक नावाचे भुयार खोदून घेण्यात आले आणि त्यात मेसरश्मिट २६२ या जेट-विमानाचे सांगाडे त्यांच्याचकडून बनवून घेतले गेले. तेथे हजारो माणसे मेली. म्हणजे १९४६ साली आकाशात दिसणारी ही काल्पनिक पथके ज्या कारखानदारीतून निघाली असती, ती कारखानदारी काल्पनिक नाही. जर्मन कायद्यामुळे नात्सी स्वस्तिक पेटीवरून आणि चिन्हांच्या पत्र्यावरून बहुधा वगळलेले असते. कथेतून मात्र भुयार वगळले जाते आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज पडलेली नाही. हा केवळ खेळ आहे, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो पुरेसा नाही. सूचनाक्षरांच्या मापाविषयी इतका काटेकोर असणारा खेळ कारणांविषयीच एकाएकी सैल होत असेल, तर त्या सैलपणाला निवडच म्हणावे लागेल.

पर्यायी इतिहासाला हे ओझे पेलतच नाही, असे मात्र नाही. मराठी वाचकाला जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा परिचय आहे. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, एवढेच तेथील विचलन. पण कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि वेगळ्या झालेल्या जगात तो प्रथम ग्रंथालय गाठून वाट नेमकी कोठे फुटली याचा शोध घेतो. विचलनबिंदू हाच तेथे कथेचा विषय आहे, आणि त्याचे परिणाम राज्यव्यवस्थेपर्यंत पोहोचतात. प्रतिकृतीच्या कथेत हाच बिंदू पहिल्या परिच्छेदात घाईने उरकला जातो, कारण तिला विमानापर्यंत पोहोचायचे असते.

वास्तविक या छंदाला असा विषय हाताशी आहे. टीए १८३ ज्याच्या अधिपत्याखाली आखले गेले तो कुर्ट टांक युद्धानंतर अर्जेंटिनामार्गे भारतात आला. त्याने आखलेल्या एचएफ-२४ मरुतचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी बंगलोरला झाले, आणि सबळ इंजिनाअभावी ते विमान अखेरपर्यंत अपेक्षित वेग गाठू शकले नाही. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंता फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० हे इंजिन विकसित करीत होता. ते मूळचे ज्या विमानासाठी होते, त्याचा आराखडा मेसरश्मिटचाच. मरुतचा एक सांगाडा या इंजिनाच्या चाचणीसाठी इजिप्तला नेण्यातही आला होता. १९६९ मध्ये तो इजिप्शियन प्रकल्प गुंडाळला गेला. ई-३०० बसवलेला मरुत १ : ७२ प्रमाणात घडवणे फारसे अवघड नाही. त्याची कथा लिहायची, तर दिल्ली आणि कैरो यांचे त्या काळचे संबंध, लंडनशी इंजिनावरून झालेल्या वाटाघाटी आणि १९४५ नंतर जर्मन-ऑस्ट्रियन अभियंत्यांना जगभर मिळालेला आश्रय यांतून जावे लागेल. त्या कथेत ‘जर’ गाळायला जागा उरत नाही, कारण तेच तिचे पहिले पात्र आहे.