वाटणीनंतर उघडकीस आलेले कर्ज : न्या. सय्यद महमूद यांच्या १८८५ च्या निवाड्याची चिकित्सा

मृताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग दैन म्हणजे कर्ज, त्यानंतर एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से, हा क्रम इस्लामी वारसाहक्काच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. सूरह निसाच्या ११ व १२ क्रमांकाच्या आयतींत हिस्से सांगताना वसीयत व कर्ज यांच्या नंतर ही अट पुन्हा पुन्हा येते. क्रम पाळला गेला तर प्रश्न उरत नाही. तो उद्भवतो तो क्रम मोडल्यावर. वाटणी झाली, फेरफार झाला, एखाद्याने आपला हिस्सा विकलाही, आणि मग सावकार दारात आला, तर देणे कोणाचे?

या प्रश्नावर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जाफरी बेगम विरुद्ध अमीर मुहम्मद खान या खटल्यात १८८५ साली दिलेला निवाडा आजही पायाभूत मानला जातो. त्यातील विस्तृत विवेचन न्या. सय्यद महमूद यांचे आहे. धनकोने ताब्यातील वारसांविरुद्ध हुकूमनामा मिळवून मालमत्ता लिलावात काढली होती. दाव्यात पक्षकार नसलेला एक वारस आपला हिस्सा मागत होता. निवाड्याचे सार तीन विधानांत सांगता येते. मृत्यूच्या क्षणीच मालकी वारसांकडे जाते, कर्जामुळे ती अडून राहत नाही. गैरहजर वारसावर इतरांविरुद्धचा हुकूमनामा बंधनकारक नाही. मात्र त्याला हिस्सा परत हवा असेल तर कर्जाचा आपल्या प्रमाणातील वाटा त्याने भरला पाहिजे.

या निवाड्याचे मोल त्या काळाच्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. कलकत्त्याच्या न्यायालयाचा कल वेगळा होता. ताब्यातील वारसाविरुद्धचा हुकूमनामा संपूर्ण तर्क्याला लागू धरावा, असे तेथे मानले जाई. ज्या घरात जमिनीचा ताबा भावाकडे आणि बहिणी सासरी, तेथे या मताचा अर्थ उघड आहे. भावाने कोर्टात काय कबूल केले, याचा पत्ताही नसताना बहिणीचा हिस्सा जाणार. न्या. महमूद यांनी तिला ऐकून घेतले जाण्याचा हक्क दिला आणि धनकोचाही हक्क बुडू दिला नाही.

दुसरी गोष्ट व्यक्तिगत दायित्वाची. पश्चिम भारतातील हिंदू वारसाला पित्याच्या ऋणातून मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच जबाबदार धरावे, यासाठी मुंबई प्रांतात १८६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मुस्लिम कायद्यात ही मर्यादा मुळातच होती. तर्का संपला की वारसावरील कायदेशीर दायित्व संपले. पित्याचे ऋण पुत्राच्या माथी ही कल्पना आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की मुस्लिम घरांतही ती शरीयतचा नियम समजली जाते. स्वखुशीने फेडणे पुण्याचे आहे, पण पुण्य आणि दायित्व यांची गल्लत होऊ नये.

तथापि निवाड्यातील एक दुवा कच्चा राहतो. हनफी फिकहमधील हिदायाच्या वाटणीविषयक प्रकरणात कर्जाचे दोन प्रकार केले आहेत. संपूर्ण तर्का गिळणारे कर्ज वारसाची मालकीच रोखते. त्याहून कमी कर्ज मालकी रोखत नाही, पण धनकोचा हक्क तर्क्याला चिकटलेला असतो. दोन्ही प्रसंगी कर्ज उघड झाल्यावर वाटणी मोडते. धनकोने माफी दिली, वारसांनी पदरचे पैसे भरले, किंवा वाटणीबाहेर पुरेशी मालमत्ता उरली असेल, तरच ती टिकते. 'मालकी लगेच, वाटणी नंतर' हे सरसकट सूत्र शाफई मताला अधिक जवळचे आहे. शाफई मतानुसार मालकी वारसाकडे जाते, पण गहाणासारखा भार घेऊन. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असतो, तसाच हा प्रकार. कोकणातील मुस्लिम समाज बव्हंशी शाफई असल्याने हा भेद मराठी वाचकाला दूरचा वाटू नये.

भेद केवळ ग्रंथांतला नाही. पत्नी, एक मुलगा व दोन मुली मागे ठेवून एक गृहस्थ वारला आणि १६ लाखांची वाटणी झाली, असे समजू. पत्नीला २ लाख, मुलाला ७ लाख, प्रत्येक मुलीला साडेतीन लाख. नंतर ४ लाखांचे कर्ज निघाले. प्रमाणाच्या नियमाने पत्नीवर ५० हजार, मुलावर १ लाख ७५ हजार, प्रत्येक मुलीवर ८७,५०० येतात. मुलाने हिस्सा प्रामाणिक खरेदीदाराला विकून पैसे उडवले असतील तर? १८७८ च्या प्रिव्ही कौन्सिल निर्णयानुसार अशा खरेदीदाराच्या हातून धनको जमीन काढून घेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे मुलगा व्यक्तिशः जबाबदार ठरेल, पण रिकाम्या हातांतून वसुली कशी व्हावी? आईबहिणींना त्याचा वाटा भरावा लागत नाही, ही नियमाची चांगली बाजू. बुडणारा मात्र धनकोच, आणि हा धनको नेहमी सावकारच असतो असे नाही. तो हातउसने देणारा शेजारी असतो, आणि पुष्कळदा मृताची पत्नीच असते.

कारण न दिलेला महर हेही दैनच आहे. प्रमाणाच्या नियमाने वरील उदाहरणात ८० हजारांच्या महरपैकी १० हजार तिच्याच हिश्शातून वजा होतील, उरलेले ७० हजार तिला मुलांकडून मागावे लागतील. वाटणीपूर्वी जी रक्कम निमूटपणे बाजूला काढता आली असती, ती नंतर मुलांपुढे हात पसरून मिळवायची. हिदायाची वाटणी मोडण्याची तरतूद कठोर दिसते, पण तिच्या धाकाने वाटणीपूर्वी चौकशी होते. निवाड्यात गणित आहे, धाक नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली मोहम्मद सुलेमान खटल्यात मधला मार्ग काढला. धनकोने योग्य चौकशी करून, प्रामाणिकपणे काही वारसांवर दावा लावला आणि लबाडी वा संगनमत नसेल, तर हुकूमनामा संपूर्ण तर्क्याला बांधतो. येथे चौकशीचा भार धनकोवर आहे. वारसांनी वाटणीपूर्वी कर्जाची चौकशी करावी, हा प्रश्न या निर्णयानेही सुटत नाही. गोव्यात १९३७ चा शरीयत कायदा लागू नाही. तेथील २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यातील इन्व्हेंटरीच्या कामात मालमत्तेबरोबर देणीही नोंदवावी लागतात. धर्मशास्त्राचा आधार वेगळा असला तरी ही शिस्त उसनी घेण्याजोगी आहे.

महाविद्यालयांत फराइज शिकवताना सारा तास अपूर्णांकांत जातो. 'मृताने १६ लाख ठेवले' असे म्हणून उदाहरण सुरू होते. त्याने देणे किती ठेवले, महर दिला होता का, हे उदाहरणात नसतेच. न्या. महमूद यांनी मोडलेल्या क्रमावर न्याय्य उतारा दिला. क्रम मोडूच नये, हे शिकवणे न्यायालयाचे काम नव्हे. ते वर्गात व्हावे, आणि फळ्यावरची पहिली ओळ हिश्शांची नसून देण्यांची असावी.