चाकांवरची शिल्पकला: इंदूरच्या झांक्यांचा हिशेब

हलत्या शिल्पाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा शिल्पकार नॉम गाबोपासून होते. 1920 च्या सुमारास त्याने मोटरने थरथरणारी एक सळई उभी केली आणि त्या थरथरीतून हवेत आकार दिसू लागला. त्याच दशकात इंदूरच्या गिरणगावातही मूर्ती हलू लागल्या होत्या. हुकुमचंद मिलपासून सुरू झालेली अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी, म्हणजे चित्ररथ, पुढे मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा मिलांनी उचलली. आज शंभरी ओलांडूनही ती रात्रभर जेल रोड, राजवाडा, जवाहर मार्गावरून फिरते. पुढे आखाडे, दुतर्फा खेड्यापाड्यांतून आलेली माणसे. कलासमीक्षेने मात्र तिला आजवर उत्सवाच्या बातमीपलीकडे जागा दिलेली नाही.

झांकीची रचना तशी उघड आहे. गाडीवर लोखंडी सांगाडा, त्यावर मूर्ती, पोटात मोटर, गिअर, पुली आणि पट्टे, मागे जनरेटर. गोल फिरणाऱ्या चाकाला केंद्र सोडून दांडा जोडला की हनुमानाची गदा वरखाली होते, रावणाची मान वळते. मिलमधल्या मागावर टॅपेट फिरतो आणि ताण्याचे धागे उचलले जातात, त्यामागचे तत्त्वही हेच. दिवसभर यंत्राशी झुंजणाऱ्या कामगाराच्या हाताला ही विद्या आधीच ठाऊक होती. झांकीचे वेगळेपण इथे आहे: तिच्यात यंत्र चालवणाराच यंत्राकडून कथा सांगवून घेत होता.

याच शहरात आधुनिक शिल्पकलेचे दुसरे दारही उघडले होते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी आपल्या माणिकबाग राजवाड्यासाठी शिल्पकार ब्रांकुशीकडून 'अवकाशातील पक्षी' या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या. त्याच्याकडून ध्यानमंदिर बांधून घेण्याचाही त्यांचा बेत होता. त्यासाठी ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला, पण मंदिर झाले नाही. यांतले दोन संगमरवरी पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. राजाच्या संग्रहातले परदेशी गेले, मजुरांनी उभे केलेले रस्त्यावर टिकले.

टिकले, पण कसे? हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, बाकीच्याही पाठोपाठ थंडावल्या. हुकुमचंदच्या कामगारांच्या थकबाकीचा सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. पगार नसलेल्या या तीन दशकांतही समित्यांनी वर्गणी, देणग्या आणि सरकारी संस्थांची मदत जमवून झांकी थांबू दिली नाही, ही कामगिरी साधी नाही. तरीही जिद्दीचे कौतुक कलेच्या खात्यात जमा धरता येत नाही. आजच्या बऱ्याच झांक्यांत हालचाल ठरावीक झाली आहे: हात वर, हात खाली, चक्र गरगर, तोंडाची उघडझाप. प्रसंग कोणताही असो, गती तीच. वरून एलईडीचा इतका लखलखाट की मूर्ती हलली काय, न हलली काय, डोळ्यांना फरक कळू नये. पुण्याच्या हलत्या देखाव्यांनाही हाच रोग जडला. तिथे निवेदनाचा आवाज गोष्ट सांगतो आणि मूर्ती नुसत्या माना डोलावतात.

चांगल्या हलत्या शिल्पात गतीला अर्थ असतो. कधी थांबायचे, किती हळू वळायचे, कोणती मूर्ती अचल ठेवायची, यात शिल्पकार दिसतो. शिल्पकार टिंगेलीने 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःला मोडत जाणारे यंत्र चालवले. ते मोडणे हाच त्याचा आशय होता, आणि त्याची नोंद राहिली. आपली झांकी मिरवणुकीनंतर सुटी होते, सांगाडा पुढच्या वर्षाची वाट पाहतो, आणि एखादी अवघड हालचाल कुणी कशी साधली हे त्या मिस्त्रीबरोबरच जाते. पाटीवर ठळक दिसते ते मिलचे नाव.

इंदूरला शिल्पकारांची वाण नाही, अभियंत्यांचीही नाही. देवळालीकरांनी घडवलेले कलाविद्यालय आहे, गोविंदराम सेक्सरिया तंत्रसंस्था आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली एक पावसाळा काम करावे, यंत्ररचनांचे आराखडे काढून ठेवावेत. झांक्यांना बक्षिसे देणाऱ्या परीक्षकांनी गतीच्या कल्पकतेला वेगळे गुण द्यावेत. आणि पाटीवर मिलच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, मूर्ती घडवणाऱ्याचे आणि ती हलवणाऱ्याचे नाव लिहावे. याला नव्या अनुदानाची गरज नाही.